बर्च बीअर आणि अण्णा

जिभेचा गर्व करू नये म्हणतात. मी केला, तोही सासऱ्यांसमोर. मग काय, फजिती अगदी साग्रसंगीत झाली. ऐका.

इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या आमच्या ऑफिसात ग्रॅहम नावाचा लँकेशरचा मॅनेजर होता. झाडांच्या मुळांपासून आणि सालींपासून बनवलेल्या सोड्यांवर त्याचा भारी जीव. एकदा लंचला तो म्हणाला की यातला फरक बाहेरच्या माणसाला कळणं शक्य नाही. झालं, माझ्यातला पुणेकर जागा झाला. शनिवारी घरी ये म्हटलं, डोळे बांधून ओळखतो.

आठवडाभर मी अभ्यास केला, हसू नका. रूट बीअर म्हणजे थेट पाठीला चोळायच्या मलमाचा वास. सार्सापरिलात ज्येष्ठमध, आपल्या उपळसरीची सख्खी बहीणच ती. डँडेलियन अँड बरडॉकला बडीशेपेची झाक आणि मागून जरा मातकट कडवटपणा. या तिन्ही मुळांच्या. चौथी बर्च बीअर, ती बर्च म्हणजे भूर्ज झाडाच्या सालीची. ग्रॅहमने अमेरिकेहून तिच्या दोनच बाटल्या आणून दिल्या होत्या आणि त्यातली एक मधुराने, म्हणजे माझ्या बायकोने, परस्पर संपवली होती. दुसरी शनिवारसाठी राखलेली, त्यामुळे बर्च बीअर मी फक्त नेटवर वाचली होती.

खरं सांगू? ग्रॅहम निमित्तमात्र. मला जिंकायचं होतं ते अण्णांना. सासरे पुण्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. लग्नाला सात वर्षं झाली, पण या माणसाच्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

शनिवारी मधुराने ओढणीने माझे डोळे बांधले. पहिले तीन ग्लास मी वासावरच ओळखले. ग्रॅहमने टाळ्या वाजवल्या. अण्णा नुसते खाकरले.

चौथा ग्लास तोंडाला लावला आणि जीभ आत ओढली गेली. कडू, तुरट, फेसाचं नाव नाही. पण आता माघार कसली घेता?

"साल," मी जाहीर केलं. "शंभर टक्के साल. हीच खरी पारंपरिक बर्च बीअर. बाकीच्या तीन पोरासोरांच्या."

इथे तरी थांबावं ना? छे. मी आणखी एक ग्लास मागून घेतला. ग्रॅहमलाही आग्रहाने पाजला. तो एक घोट घेऊन "इंटरेस्टिंग" म्हणाला. इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की काय समजायचं, ते इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

ओढणी सोडली तर अण्णा बाटली हातात घेऊन उभे. चांगली काचेची बाटली फेकायची नाही, हा मधुराच्या माहेरचा नियम. रिकामी बाटली धुऊन अण्णांनी तिच्यात आपला अर्जुनसालीचा काढा भरून ठेवला होता, आणि लेबल बघून मधुराने तोच ओतला. खरी बर्च बीअर फ्रिजमध्ये दुधामागे गार पडली होती.

पण साल तर ओळखली की नाही मी? झाड चुकलं, एवढंच.

आता उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली. अण्णांनी मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अभिजितराव, वीस वर्षं हा काढा उकळतोय. घरात कुणी दुसरा घोट घेतला नाही. तुम्ही मागून घेतलात. माणूस ओळखायला चुकलो मी."

सात वर्षांनी मिळालेलं हे कौतुक. आता खरं कुठल्या तोंडाने सांगू?

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी पुण्याहून सालीचं पार्सल येतं. रोज सकाळी अण्णांचा फोन येतो. त्यांना ऐकू जाईल असा मोठा घोट मी घेतो, आणि छाती काढून म्हणतो, "वा!"