सखूबाईंच्या नावाचं शेवाळ

रोहिणी मॅडमचा स्टीलचा डबा आम्ही विचारल्याशिवाय उघडत नसू. ओहोटीची वेळ साधून त्या वरळीच्या खडकांवर जात आणि तिथून थेट परळच्या आमच्या कॉलेजात येत. डब्यात पोळीभाजी असेलच असं नाही. बऱ्याचदा समुद्राचं पाणी आणि त्यात हिरवं शेवाळ असे. "झाकण अर्धं ठेव रे, उकडतंय त्याला," त्या म्हणायच्या.

मॅडम वरळीच्या बीडीडी चाळीत वाढल्या. आई सखूबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या. तरुणपणी मॅडमना खडकांवर चपट्या फांद्यांचं एक शेवाळ सापडलं. माहितीतल्या कुठल्याच जातीशी ते जुळेना, म्हणून त्यांनी ती नवी जात ठरवली आणि तिला आईचं नाव दिलं. शास्त्राच्या पुस्तकांत सखूबाई गेल्या.

पुढे मी मॅडमच्या हाताखाली संशोधन करू लागलो, तोवर डीएनए तपासायची सोय झाली होती. मुंबईपासून मालवणपर्यंतचे नमुने मी तपासले. चपटं, गोल, आखूड, लांब. आतून सगळं एकच, आणि परदेशातल्या एका जातीशी तंतोतंत जुळणारं. जहाजांच्या तळाला चिकटून आलेलं, मग तुटक्या तुकड्यांनी किनाराभर पसरलेलं. आकारातला फरक फक्त लाटांचा आणि उन्हाचा.

मी चाचरत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "परत कर." परत तेच आलं.

"मग आईला सांगायला हवं. चल."

सखूबाई लसूण सोलत होत्या. मॅडम समोर बसल्या. "आये, तुझं नाव काढावं लागतंय. ते शेवाळ नवं नाही. बाहेरून आलंय, आणि इथल्या शेवाळांच्या जागा बळकावतंय."

"मग काढ की," सखूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची जागा खाणाऱ्याला माझं नाव कशाला?"

मॅडम हसल्या, आणि तोंड धुवायला मोरीत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

शोधनिबंध लिहिताना मी सुचवलं, जुन्या जातीचा उल्लेख शेवटी, तळटीपेत करू. "चूक माझी आहे. तिला बेवारस कशाला सोडायची?" असं म्हणून त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलं: 'ही जात मी चुकीने वेगळी ठरवली होती.'

निवृत्तीनंतर थोड्याच काळात मॅडम कर्करोगाने गेल्या. त्यांच्या नावावर आज एकही नवी जात नाही. दरवर्षी नव्या वर्गाला मी आधी तोच निबंध वाचायला देतो. पहिलं वाक्य वाचून मुलं मान वर करतात, आणि मी त्यांना मॅडमबद्दल सांगायला लागतो.