आवाज बंद करायचं बटण

क्लाउडवर उभं केलेलं आमच्या सोसायटीचं मीटिंगचं अ‍ॅप मी नंतर काढून टाकलं, पण त्याची आठवण झाली की अजून तोंड कडू होतं. दोष अ‍ॅपचा नाही. ते चांगलं चाललं, हीच भानगड आहे.

सोनिवलीतली आमची इमारत बाहेरून नवीकोरी. आत मात्र बिल्डरने जिथे जमेल तिथे हात मारलेला. स्वयंपाकघरांच्या पाण्याचा पाइप अरुंद, खालचं चेंबर कायम तुंबलेलं. त्यामुळे वरच्या मजल्यांचं खरकटं पाणी तळमजल्यावरच्या मावशींच्या मोरीतून वर यायचं. मावशी कुणाच्या नात्यातल्या नव्हेत, सगळी इमारतच त्यांना मावशी म्हणते. अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला बावीस वर्षं उभं राहून त्यांनी हे घर घेतलं. आता रोज सकाळी आमची चहापत्ती, भाताची शितं आणि माशांचे खवले खराट्याने लोटत बसायच्या. तळमजल्याला वेगळी ड्रेनेज लाइन टाका, एवढीच त्यांची मागणी होती. हॉलमधल्या मीटिंगमध्ये त्या बोलायला उभ्या राहिल्या की दुसऱ्या वाक्याला कुणीतरी त्यांना तोडायचं.

मग मीटिंगा ऑनलाइन झाल्या. फुकटचं अ‍ॅप ठरावीक वेळेला भांडण अर्ध्यावर सोडून बंद पडायचं. सेक्रेटरी एकदा लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, आपलं स्वतःचं काहीतरी पाहिजे मॅडम, कोणाची झंझट नको, तुम्ही तर कम्प्युटरवाल्या. मी एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग युनिटचे कम्प्युटर सांभाळते. कुणी एवढं म्हटलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढते, हा माझा जुना रोग.

क्लाउडवर एक लहान मशीन भाड्याने घेतलं, मीटिंगचं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं, पत्ता जोडला. मी बेडरूममध्ये आणि नवरा ओट्यापाशी, अशी चाचणी केली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. हुरळून जाऊन उल्हासनगर कॅम्प एकमधल्या नणंदेला बोलावलं, तर ती आत येताच तिघांचेही पडदे काळे. "वहिनी, माझं तोंड बघवत नाही का तुमच्या सर्व्हरला?" तिने फोन करून विचारलं. दोघंच असले की फोन एकमेकांशी थेट बोलतात. तिसरा आला की सगळं सर्व्हरमधून जातं, आणि त्यासाठी उघडायचा रस्ता मी बंदच ठेवला होता. तो उघडायला दोन संध्याकाळी गेल्या.

मावशींचा फोन मीच लावून दिला. हे निळं बटण दाबलं की तुम्ही आत, असं शिकवलं. आणि वर बजावलं, "खालच्या बाकी कशालाही हात लावू नका, नाहीतर बाहेर फेकल्या जाल." त्यांनी दोनदा मान हलवली.

रविवारी सकाळची मीटिंग. विषय दोन: मावशींची लाइन आणि सोसायटीचं नवं गेट. पैसे एकाच कामाला पुरणार होते. एकतीस घरं जोडली गेली, काही अडकलं नाही, सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मावशींनी फोन डब्याला टेकवून ठेवला होता. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगावर इस्त्रीची साडी. तीन-चार वाक्यं बोलून त्यांनी फोन उचलला आणि मोरीत नेला. एकतीस पडद्यांवर काळपट पाणी, त्यावर तेलाचा तवंग, जाळीपाशी अडकलेली शेवग्याची चोथा झालेली शेंग. शेंग माझीच होती. आदल्या दिवशी आमटी मीच केली होती.

सेक्रेटरींचा मला मेसेज आला: मॅडम, जरा म्यूट करा ना, लोकांचा नाश्ता चाललाय.

माझ्याही पुढ्यात उपम्याची बशी होती. ती मी बाजूला सारली. खोटं कशाला सांगू, मला राग त्या पाण्याचा न येता मावशींचा आला. मीटिंग माझ्या हातात होती. मी त्यांच्या नावावर गेले. पडद्यावर चौकट आली: यांचा आवाज बंद करायचा का? तो पुन्हा तुम्हाला चालू करता येणार नाही, फक्त त्यांनाच करता येईल. मी 'हो' दाबलं.

त्यांच्या फोनवर इंग्रजीत एक ओळ उमटली असणार. पण बाकी कशाकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, हे मीच शिकवलेलं. त्या बोलत राहिल्या. बोटाने पाणी दाखवत, मग कोपऱ्यातली ओल, मग पाटावर चढवून ठेवलेलं पीठ. ऑनलाइन मीटिंगमध्ये "तुम्ही म्यूटवर आहात" असं दर दोन मिनिटांनी कुणीतरी ओरडतंच. त्या सकाळी कुणीही ते म्हटलं नाही. नवरा शेजारून हळूच म्हणाला, "अगं, सांग ना त्यांना." मी म्हटलं, संपेलच आता. मला सांगता आलं असतं. माझा आवाज चालू होता.

सात-आठ मिनिटांनी मावशींनी फोन पुन्हा डब्याला टेकवला आणि सगळ्यांना हात जोडले. मावशींचा मुद्दा लिहून घेतलाय, पुढच्या वेळी बघू, असं सेक्रेटरी म्हणाले. मग गेटला हात वर झाले. माझाही झाला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर मावशी दारात, चार मजले चढून आलेल्या, कारण लिफ्ट बंद होती. हातात स्टीलचा डबा. जवळ्याची चटणी होती, मला आवडते म्हणून मुद्दाम केलेली. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. दम खात म्हणाल्या, "बाळा, तुझ्यामुळे झालं. हॉलमध्ये मला दोन वाक्यं बोलू देत नाहीत हे लोक. काल एकानं पण मध्ये तोंड घातलं नाही. किती शांत ऐकलं सगळ्यांनी. लिहून पण घेतलं म्हणाले."

"हो मावशी," मी म्हटलं. "ऐकलं सगळ्यांनी."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि कठड्याला धरून खाली गेल्या. आपलीच इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. आणि तरी मी भाकरीशी ती चटणी खाल्ली, डब्याचा तळ पुसून खाल्ली.

डबा परत द्यायचा होता. सिंकमध्ये ठेवून मी नळ सोडला, साबण लावला. लाल तेलाचं पाणी जाळीतून खाली गेलं. ते कुठे वर येणार हे मला ठाऊक होतं. मी डबा नीट घासला, दोनदा विसळला आणि पालथा घातला.