वसुधाताईंची बंदरं

बातमी आली तेव्हा मी कळव्याच्या खाडीकाठी पोस्टर चिकटवत होतो. दोन्ही हातांना खळ, फोन खांद्याने कानाशी दाबलेला. वसुधाताईंची भाची म्हणाली, सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच गेली. मी उरलेली पोस्टरं चिकटवली, हात धुतले आणि डोंबिवलीला गेलो. याला आता महिना उलटून गेला. रडून झालंय, म्हणून लिहायला बसलोय.

ओळख भांडणातून झाली. डोंबिवलीत आमच्या संघटनेने सभा घेतलेली, विषय समुद्रातली चोरटी मासेमारी. जहाज एका देशात नोंदलेलं, मालक दुसऱ्या देशातला आणि जाळी तिसऱ्याच देशाच्या पाण्यात. पकडायची वेळ आली की प्रत्येक सरकार दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळं. तिथल्या गरीब मच्छीमारांच्या ताटातली मासळी हे लोक दिवसाढवळ्या पळवतात, आणि परिषदांमध्ये 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' लिहिलेल्या फलकाखाली साहेब लोक जेवतात, असं बरंच काही मी तावातावाने बोललेलो. समोर बहुतेक निवृत्त मंडळी. भाषण संपल्यावर एक बाई आमचं पत्रक हातात धरून उठल्या. "उद्गारचिन्हं भरपूर आहेत," त्या म्हणाल्या, "पण यात एकही बंदर नाही. मासे उतरवतात कुठे हे लोक, आकाशात?"

सगळे हसले. मी चिडलो आणि भांडायलाच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पोहे दिले. तेव्हा कळलं की बाईंनी सगळी नोकरी मुंबईत जहाजांच्या एजंटाच्या कचेरीत काढलेली. परदेशी जहाज बंदरात येणार असलं की त्याला पाणी, डिझेल, भाजीपाला, डॉक्टर, सगळं हा एजंट बघतो. त्यामुळे जगभरच्या बंदरांतल्या कारकुनांशी त्यांचा पत्रव्यवहार, आधी टेलेक्सवर, मग ईमेलवर. एकालाही कधी भेटल्या नव्हत्या, पण कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कोणाच्या वडिलांना साखर आहे, सगळं ठाऊक. त्यांचा प्रत्येक मेल घरच्यांच्या चौकशीने सुरू व्हायचा, जहाज नंतर यायचं. मी म्हटलं, ताई, हा वेळेचा अपव्यय आहे. त्या म्हणाल्या, चोरट्या जहाजालाही प्यायला पाणी लागतं रे, आणि ते कोणाकडे तरी मागावंच लागतं... तो कोणीतरी आपल्या ओळखीचा हवा.

हे मला नितेशच्या वेळी समजलं. कळव्याच्या हिराबाईंचा हा मुलगा. मालवाहू जहाजावर नोकरी म्हणून भरती दलालाने पाठवलेला, निघालं ते मासेमारीचं जहाज, तेही नाव आणि झेंडा बदलत फिरणारं. पासपोर्ट कप्तानाकडे. मासळी भर समुद्रातच दुसऱ्या जहाजावर चढवायची, म्हणजे किनारा दिसायलाच नको. कोणाचा तरी फोन मिळाला की पोरगा दोन वाक्यं बोलायचा. हिराबाईंनी हे सांगितलं त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं, जहाजाच्या नावासकट. हिराबाईंना घेऊन वसुधाताईंकडे गेलो आणि जेवणाच्या टेबलावर ते वाचून दाखवलं. हिराबाई ऐकत होत्या. मग वसुधाताईंकडे बघून म्हणाल्या, "बाय, बोट पकरली तं माजा पोरगा पन चोरच ठरंल ना?"

वसुधाताईंनी पत्रक माझ्या हातातून काढून घेतलं. "छाप तू. मालक वाचेल, जहाज वळवेल, आणि हिचा मुलगा आणखी वर्षभर पाण्यात. धक्क्याला लागेपर्यंत थांब."

मी खूप वाद घातला. गप्प बसणं म्हणजे लुटारूंना साथ देणं, असंही म्हणालो. त्या मेल लिहीत राहिल्या. कोलंबोला, मॉरिशसला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. प्रत्येकात जहाजाचं वर्णन, आणि ठळक अक्षरांत : खलाशी फसवून नेलेले आहेत, त्यांना साक्षीदार समजा. आठवडे गेले. मग आफ्रिकेतल्या एका बंदरातून जोसेफचा मेल आला, तोही त्यांच्यासारखाच एजंटाचा कारकून. एका नव्याच नावाच्या जहाजाने पाणी आणि डिझेल मागितलं होतं. फोटो जोडलेला. वसुधाताईंनी तो मोठा करून मला बोलावलं. ताज्या रंगाखाली जुन्या नावाची उठावाची अक्षरं तशीच होती. रंग बदलला, पण लोखंड घासायचा आळस नडला.

पुढचं काम सरकारांचं होतं आणि, मला लिहिताना जड जातंय, ते त्यांनी केलं. जोसेफने तिथल्या मत्स्य खात्याला कळवलं, त्यांनी ज्या बेटाच्या पाण्यात चोरी झाली तिथून कागद मागवले, आपल्या वकिलातीचा माणूस खलाशांसाठी धक्क्यावर आला. मासळी उतरवू दिली नाही, जहाज अडकवलं. नितेश साक्ष देऊन घरी आला. पत्रक मग मी छापलंच.

हिराबाई पिशवीभर सुके बोंबील घेऊन आभार मानायला गेल्या, त्या शुद्ध शाकाहारी घरात. ताईंनी ते गॅलरीत टांगले. सोसायटीचे सेक्रेटरी वासाची तक्रार घेऊन आले तर म्हणाल्या, आंतरराष्ट्रीय बाब आहे, तुमच्या अखत्यारीत येत नाही.

गेल्या आठवड्यात भाचीने बोलावलं. मेल थांबत नव्हते, कोणाला काय कळवायचं तिला समजेना. मी आणि नितेश टेबलाशी बसलो. जोसेफने ताईंच्या गुडघ्याची चौकशी केलेली, खाली आणखी एका जहाजाचा फोटो. ताई गेल्याचं मी कळवलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. त्याची आई चर्चमध्ये मेणबत्ती लावणार म्हणे. आणि शेवटी, आता मी कोणाला लिहू?

नितेश फोटो मोठा करून जहाजाच्या मागच्या बाजूचा रंग न्याहाळत होता. मी माझं नाव लिहिलं. टिटवाळ्याला राहतो, आई शाळेत खिचडी शिजवते, धाकटी बहीण बारावीला आहे, गणितात कच्ची. मग थांबलो, ताईंची खुर्ची जरा पुढे ओढली आणि विचारलं, तुमच्या आईची तब्येत कशी आहे?