जावईबापूंची हौस

धाकट्या मेव्हणीच्या लग्नाला आम्ही लोणावळ्याहून इंदुरीला निघालो होतो. तळेगावला गाडीतून उतरल्यावर बायकोनं मला बाजूला घेतलं. "आवो, तितं भोंग्याचं काय बी काढायचं न्हाई. आबांनी व्याह्यास्नी सांगितलंय, थोरलं जावई रेल्वेत सायब हायेत म्हणून."

मी साहेब कधीच नव्हतो. आमचं लग्न ठरलं तेव्हा रेल्वेच्या सिग्नलखात्यात हंगामी मदतनीस होतो, एवढंच. ती नोकरी सुटली आणि मी लोणावळ्यात लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं, दुरुस्त करायचं दुकान टाकलं. धंदा बरा चालला होता. पण आबा, म्हणजे माझे सासरे, पडले गावचे मोठे शेतकरी. त्यांच्या लेखी भोंगेवाला म्हणजे मांडवाच्या कडेला बसणारा आणि वाजंत्र्यांबरोबर शेवटच्या पंगतीला जेवणारा माणूस. थोरलीला अशा घरी दिली हे नव्या व्याह्यांना कळलं असतं, तर सासऱ्यांची मान खाली गेली असती आणि बायकोला माहेरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी बराच वेळ गुरगुरलो, पण शेवटी कबूल झालो.

मांडवात मला लोडाला टेकवून बसवलं. डोक्याला फेटा, हातात पानाचा विडा. जावयानं सासुरवाडीला इकडची काडी तिकडे करायची नसते, त्यामुळे माझ्याकडे काम असं काहीच नव्हतं. आणि समोरच भोंगेवाला बसला होता. तळेगावचा. माझा चांगला ओळखीचा. त्याचं ते आवाज वाढवायचं मशीन मी स्वतः दुरुस्त केलेलं. त्यानं मला पाहिलं आणि हसून हात उचलला. मी मान फिरवून पान चघळत राहिलो.

ठरले होते दोन कर्णे, म्हणजे पत्र्याचे भोंगे, दोन्ही मांडवावर. पण आमच्याकडच्या लग्नात असं कधी भागलंय? भावकीतला एक म्हातारा आला, "आमच्या आळीनं काय पाप केलंय व्हय? अजून एक तिकडं तोंड करून लाव." लावला. मग दुसरे आले, त्यांना गढीच्या बुरुजावर एक हवा होता, नदीपलीकडे आवाज जावा म्हणून. तोही लावला. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नाही म्हटलं की माणसं जेवण सोडून उठतात. गडबडीत त्या बिचाऱ्यानं कर्णे वाढवले, पण मशीनमागची वायर होती तिथंच ठेवली.

आता यात गोम अशी की, एकेक कर्णा सोळा ओहमचा. मशीनच्या पाठीला सोळा, आठ आणि चार अशा खुणांची भोकं असतात. एक कर्णा असेल तर वायर सोळात घालायची. दोन शेजारी शेजारी जोडले की दोघांचे मिळून आठ होतात, आणि चार जोडले की चार. कर्णे वाढतील तसा हा आकडा उतरतो, हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. मशीनला पेलेल असं ओझं द्यायचं, तर वायर योग्य भोकात हलवावीच लागते. याची अजून दोन कर्ण्यांच्या आठातच होती.

नवरा मांडवात यायच्या सुमाराला आवाज फाटायला लागला. सनई चिंध्या झाल्यासारखी वाजू लागली. मोटारीच्या बॅटरीवर चाललेलं मशीन तापलं आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरचं मेण वितळल्याचा वास माझ्या नाकात शिरला. तो वास मी झोपेतही ओळखीन. अजून थोडा वेळ, की मशीन कायमचं गेलं असतं. भोंगेवाला कर्ण्यांकडे बघत आवाजाचं बटण आणखी पिळत होता.

मला बसवेना. फेटा सावरत उठलो, मशीन बंद केलं आणि वायर आठातून काढून चारात घातली. मांडवावरचे दोन कर्णे एकाच बाजूला तोंड करून होते, पण एकाची जोडणी उलटी होती. त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याचा आवाज खात होता. शिडीवर चढून तीही सरळ केली. मशीन निवलं तसं चालू केलं. सनई अशी स्वच्छ आली की बायकांचा घोळका बोलायचा थांबला. मला बरं वाटलं. का खोटं बोलू, फार बरं वाटलं.

शिडीवरून उतरलो तर खाली सासरे आणि नवे व्याही उभे. व्याह्यांनी माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "सायब ना तुमी? ह्यातलं लय कळतंय की."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. ते घाईनं म्हणाले, "हौस हाय वो त्यास्नी. नुसती हौस."

व्याही भोंगेवाल्याकडे वळले. "तू वळकतो का रं पाव्हण्यास्नी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं काय सांगावं हे मी ठरवायचं होतं. मांडवाच्या खांबाला धरून बायको उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"नाही बुवा," मी म्हणालो. "यांना आजच बघतोय. हौस आहे, म्हणून थोडंफार जमतं."

भोंगेवाल्यानं मान हलवली आणि तो खाली बसला. मला वाटलं, संपलं. लाज वाटत होती, पण ती आपल्यापाशीच राहील असं धरून मी फडक्यानं बोटं पुसत लोडाकडे निघालो.

तेवढ्यात त्यानं माईक तोंडाशी धरला. "मंडळी, आपलं मशीन बंद पडत होतं. वधूकडचं थोरलं जावईबापू, रेल्वेचं सायब, यांनी मानपान बाजूला ठिवून हौसेखातर ते चालू करून दिलं. आमी भोंगेवालं त्यांचं लय आभारी हाय."

आवाजात कुठं टोमणा नव्हता. त्यानं मला मनापासून झाकून घेतलं होतं. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, सासऱ्यांनी छाती पुढे काढली, बायकोनं पदर सोडून माझ्याकडे हसून पाहिलं. आळीतल्या कर्ण्यातून, बुरुजावरच्या कर्ण्यातून, पार नदीपलीकडे आंबीच्या वाटेपर्यंत ते खोटं गेलं असणार. चारही कर्णे सारखे बोलत होते. एक अक्षरसुद्धा फाटलं नाही.