नदीच्या वतीनं सही

इथं मेलेल्या माणसालाही मुदत असते. वीस वर्षं. मग पत्र येतं.

पुण्याहून नोकरीला आलेल्या पोरी मला विचारतात, "काकू, तुम्ही इतकी वर्षं राहिलात, हे लोक कसे आहेत? इथला इतिहास काय?" मी चौथी शिकलेली. नवऱ्याला कारखान्यात काम लागलं म्हणून साताऱ्याकडच्या खेड्यातनं उठून इथं जर्मनीत, डार्मश्टाटला आले. म्हाताऱ्यांच्या आश्रमात तीस वर्षं फरशा पुसल्या, अंथरुणाला खिळलेल्यांना आंघोळी घातल्या. पुस्तकातलं मला काही येत नाही. मला फ्रीडहोफ माहितीये, म्हणजे मेलेली माणसं पुरतात ते आवार. तिथलं सांगते.

आमचे हे पोटाच्या कॅन्सरनं गेले. शेवटी एकच बोलणं, "मला कृष्णेत सोड. इथं ठेवू नको." मी हो म्हणलं. हो म्हणायला काय लागतं.

दहन झाल्याचा निरोप आला तेव्हा मी स्टीलचा डबा घासून, आत पांढरं फडकं घालून तयार. मुलाला म्हणलं, चल, अस्थी आणू. त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातनं जर्मनच निघतं. म्हणाला, "आई, अस्थी हातात देत नाहीत. कायदा आहे. मातीत पुरायलाच लागतात." डबा फळीवर गेला.

अंत्यविधी करणाऱ्या माणसानं विचारलं, "कलश कुठला देऊ? एक पत्र्याचा आहे, टिकतो. एक मातीत विरघळणारा." मुलगा माझ्याकडं बघायला लागला. माझ्या मनात आलं, नदी नाही तर नाही, निदान माती तरी अंगाला लागू दे. आपल्यात पंचमहाभूतांत मिसळलं म्हणजे सुटला माणूस. म्हणलं, विरघळणारा द्या. मला कुणी भरीला घातलं नाही. मीच बोलले.

पुढं दोनेक वर्षांनी एका मुंबईच्या घरात कळलं, त्यांनी वडिलांच्या अस्थी गावी नेल्या. "कागद केले की नेता येतात की, काकू." मला दोन दिवस अन्न गेलं नाही. कचेरीत गेले तर म्हणाले, एकदा पुरलं की मुदतीपर्यंत उकरत नाहीत, मेलेल्याला स्वस्थ पडू द्यायचं असतं. लोकांना मुदत संपली की रडू येतं. मी मुदत संपायची वाट बघत बसले.

पहिल्या वर्षी मी तिथं फिरकलेच नाही. आपल्यात जाळून आलं की मागं वळून बघत नाहीत. एक दिवस खालच्या मजल्यावरची म्हातारी दार वाजवून म्हणाली, "तुमच्या नवऱ्यावर तण माजलंय. दगडाला नोटीस चिकटवलीये. लोक काय म्हणतील?" मेल्यावरही लोक काय म्हणतील, हे इथंही आहेच. तिनं मला दाताळं धरायला शिकवलं, उन्हाळ्यात बेगोनिया, थंडीत वरनं पाइनच्या फांद्या. दर शनिवारी आम्ही दोघी जायचो.

आधी ती तिच्या आईकडं जायची. मोठी हिरवळ, सारखे दगड. एकदा म्हणाली, "हिला कधीच काढणार नाहीत."

"का?"

"बॉम्बनं जळाली ना. लढाईत मेलेल्याला मुदत नसते. माझा नवरा आपल्या पलंगावर झोपेत गेला, तर त्याला काढलं. आता तिथं एक दातांचा डॉक्टर झोपलाय."

येताना ती तिच्या जुन्या गल्लीत फुटपाथवर थांबायची. तिथं पितळेचे चौकोनी तुकडे बसवलेत, वर नावं. मी पाय चुकवून चालायचे, अक्षराला पाय कसा लावायचा. तिला विचारलं तर म्हणाली, "समोरच्या घरातले. यहुदी होते. बॉम्ब पडायच्या आधीच त्यांना नेलं. मी पाच वर्षांची. आईनं पडदा ओढला आणि म्हणाली, खिडकीशी जाऊ नको."

"त्यांची जागा कुठंय मग?"

"जागा नाही. राखसुद्धा नाही."

आवाज हलला नाही. "आल्झो," म्हणाली, म्हणजे चला तर, आणि पाव घ्यायला वळली.

मग पत्र आलं. जागा रांगेतली, मुदत वाढवून मिळत नाही. ठरल्या तारखेला मोकळी करणार. म्हातारीला घेऊन कचेरीत गेले, म्हणलं, आता उकरणारच आहात तर मला द्या.

कारकून म्हणाला, "परदेशी न्यायचं तर तिथल्या फ्रीडहोफचं पत्र लागेल, की ते घेणार आहेत."

"फ्रीडहोफ नाही. नदी आहे."

"मग नदीचं जे कार्यालय असेल, त्याचं."

म्हातारी काठी आपटून म्हणाली, "अहो, नदीच्या वतीनं सही कोण करणार? ऱ्हाइनच्या वतीनं तुम्ही कराल?"

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. "तीच तर अडचण आहे." हसलासुद्धा नाही.

पुतण्याला फोन केला. त्यानं ग्रामपंचायतीचं पत्र आणलं, गोल शिक्का मारून. सदर अस्थी नदीत सोडण्यास पंचायतीची हरकत नाही. ते जर्मनमध्ये करून द्यायला शिक्क्याचा दुभाषी शोधला. कारकुनानं तीनदा वाचलं आणि फाईलला लावलं.

ठरल्या तारखेला सकाळी बर्लिनहून मुलगा आला. म्हातारी घडीच्या स्टुलावर बसली. मी डबा घेऊन उभी. माळी जपून खणत होता, शेवटी हातानं. मग थांबला. नुसती काळी माती, मऊ.

"इथंच होता," म्हणाला. "विरघळणारा असेल. वीस वर्षांत काही राहत नाही."

मुलानं माझ्याकडं बघितलं. त्याला ते आठवत होतं. माळी म्हणाला, हवी तर मूठभर घ्या, मी बघत नाही. मी नको म्हणलं. त्या मातीत ह्यांच्या आधीचे किती, कुणाकुणाला कृष्णेत नेऊ?

"या, या," म्हातारी तिच्या भाषेत स्वतःशीच म्हणाली, म्हणजे हो, हो, आणि उठायला मला हात मागितला.

डबा फळीवरच आहे. पुतण्याकडून पंचायतीचं दुसरं पत्र करून घेतलंय, माझ्या नावाचं. कलश पत्र्याचा लिहिलाय. पुरायचा नाही, थेट पाठवायचा. मुलानं सही केली. ह्यांचं पत्र त्याच्याच खाली ठेवलंय, ते काही मी फाडलं नाही.