घरी सगळे ठीक, घाई नाही

मास्टरकाका फोनवर फक्त बोलायचे, ऐकायचे नाहीत. नंबर लावायचा, मनात दहा मोजायचे, "मी मास्टर बोलतोय" म्हणून सुरुवात करायची, सांगायचं ते दोनदा सांगायचं आणि ठेवून द्यायचं. पलीकडे कुणी उचललाय की नुसतीच रिंग वाजतेय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. हा उद्धटपणा नव्हता. पस्तीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. माणूस समोर असला की ओठ बघून त्यांना सगळं कळे. "फोनला ओठ न्हाईत, त्याला मी काय करू?" असं ते म्हणत.

मास्टर म्हणजे शाळेतले नव्हेत. भिवंडीत लूम बसवणारा, बिघडलेला लूम दुरुस्त करणारा तो मास्टर. काका दिघाशीचे, चौथी पास. माझे वडील त्याच कारखान्यात कांड्यांवर सूत भरायचे. कान गेल्यावरही काका चालत्या लूमच्या लोखंडावर तळहात ठेवून कुठला नट ढिला आहे ते सांगत. कारखान्यात सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. तळहात वर धरून सावकाश खाली आणला की लूम बंद कर. काका ही खूण घरीही करत. काकूंचं गाऱ्हाणं लांबलं की त्यांचा तळहात वर जाई आणि हळूहळू खाली येई. काकू म्हणत, "मी काय लूम हाय का बंद करायला?" काका ओठ बघून हसत.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझा निकाल लागला त्या दिवशी काकांनी कारखान्यात पेढे वाटले, माझ्या वडिलांच्या आधी. तेव्हापासून मी त्यांची "बी.कॉम." झाले. त्याआधी नुसती "पोरी" होते. "ए बी.कॉम., ह्या कागदावर काय लिवलंय बघ." "बी.कॉम.ला इचारा, ती सांगेल ते खरं." लाईट बिल असो, रेशनकार्डाचा अर्ज असो, मी वाचून दाखवलं की काका पुन्हा कुणाला विचारत नसत. मला ते फार आवडायचं. आज त्याचीच भीती वाटते.

वेळ ते शिफ्टमध्ये मोजत. बारा तासांची एक शिफ्ट. नाशिक अर्धी शिफ्ट, कोल्हापूर एक. यू.पी.चे कामगार गावाला निघाले की काका विचारत, "किती शिफ्टा बसायचं, भाई?" माझ्या लग्नाला किती दिवस राहिलेत, हेही त्यांनी एकदा शिफ्टमध्ये सांगितलं होतं.

आणि त्यांची पेटी. हिरव्या रंगाची, पत्र्याची, कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेली. आत पाने, पक्कड, कानस, स्वतः घासून बनवलेल्या चार-पाच चाव्या. त्या पेटीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. "हत्यार हातातून सुटलं की मास्टर संपला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाच्या वरातीतही ती पेटी नवरदेवाच्या पायाशी होती, असं काकू सांगत. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

मी तेव्हा अंजूर फाट्याजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होते. कुठला माल कुठल्या रस्त्यानं, किती तासांत, हे काढून देणं माझं काम. ऑफिसात फॅक्स होता, इंटरनेट होतं, झेरॉक्स मशिन होतं. मी त्या कामात चांगली होते. कुणी विचारलं की दोन-तीन रस्ते काढून, प्रत्येकाचे तास, फायदे, तोटे मांडून कागद पुढे ठेवायचे. साहेब म्हणायचे, "कागद बघावा तर हिचा."

त्याच सुमारास काकांच्या शेठनं बारा लूम व्हिएतनामच्या एका पार्टीला विकले. सहा हनोई शहराजवळ बसवायचे होते, सहा दक्षिणेला सायगावजवळ. लूमबरोबर मास्टरही हवा, अशी पार्टीची अट होती. शेठनं काकांचा पासपोर्ट काढला. चौथी पास माणूस विमानात बसणार म्हणून गल्लीतल्या बायका ओवाळायला आल्या. काका घरी सांगून गेले, "सायगावला जाऊन येतो." आमच्या शेजारणीला कितीतरी दिवस वाटत होतं की हे सायगाव मुरबाडच्या पुढे कुठंतरी आहे.

जाताना एक गोष्ट बिघडली. विमानात पेटी जवळ ठेवू देईनात, सामानात घालावी लागली. हनोईला काका उतरले आणि पेटी उतरली नाही. तीन दिवसांनी आली, ती कडी तुटून. ते तीन दिवस काका परक्या मुलखात मोकळ्या हातांनी बसून होते. नंतर फोनवर मला म्हणाले, "बी.कॉम., बाळंतपणाला बाई न्यावी आन मूल तिकडंच हरवावं, तसं झालं." आणि ठेवून दिला.

तिकडून ते मला ऑफिसात फोन करत. बोलून ठेवून देत. मी उत्तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फॅक्स करे. त्या वेळच्या मोबाईलवर मराठी उमटत नसे आणि इंग्रजी काकांना येत नसे. तेव्हा भिवंडीची सगळी खबर त्यांना माझ्या अक्षरांतून कळायची. दुसरी वाट नव्हती.

ते सायगावला असताना काकूंच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर आली. त्यांची मुलगी शैला सासरहून आली आणि काकूंना दवाखान्यात दाखल केलं. किडन्या गेल्या होत्या. मी भेटायला गेले तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"त्याला कळवायचं न्हाय."

"काकू, कळवायला पाहिजे."

"तुला माझी शप्पथ हाय. जन्मात पयल्यांदा कुणी त्याला इमानातनं बोलवलंय. अर्धं काम टाकून पळत आला तर तोंड काय दाखवंल? पुरं करून येऊ दे. मी कुठं जातेय?"

डॉक्टर म्हणाले होते, आठ-दहा दिवस ठेवून घेऊ, मग बघू. मी शपथ घेतली.

दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी, काकांचा फोन आला. "मी मास्टर बोलतोय. काम झालं, चार दिवस आधीच झालं. परतीचं इमान हनोईवरनं हाय. तारीख एजंट बदलून देतो म्हणतो. आता इथनं हनोईला कसं जायचं? पार्टी म्हणते, सांगशील त्याचं तिकीट काढतो. येताना मी लूमसंगती ट्रकात बसून आलो, रस्ता मला ठाऊक न्हाय. तू बघून सांग. आन घरी सगळं बरं हाय का, घाई हाय का न्हाय, तेबी लिव." हे सगळं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मी "काका, काका" करत होते. त्यांनी ठेवून दिला.

मी दीड तास बसून माहिती काढली आणि आयुष्यातला सर्वांत सुबक कागद तयार केला. विमान: दोन तास, उद्या सकाळचं मिळेल, पण पेटी सामानात द्यावी लागेल. बस: चाळीस तासांच्या आसपास, आडवं होता येतं, पण रस्ता घाटाचा आणि गाडी कुठं बदलेल सांगता येत नाही. रेल्वे: तेहेतीस-चौतीस तास, उद्या संध्याकाळी निघते, परवाची रात्र धरून गुरुवारी सकाळी हनोई, झोपायला फळी, पेटी उशाशी ठेवता येते. खाली कंसात लिहिलं, 'तीन शिफ्टला थोडी कमी'. आणि सगळ्यात शेवटी, पट्टीनं रेघ मारून: 'घरी सगळे ठीक आहेत. घाई नाही.'

तासाभरात फोन आला. "मी मास्टर बोलतोय. रेल्वे."

संध्याकाळी दवाखान्यात काकूंनी विचारलं, "कशानं येतोय?"

"रेल्वेनं. हनोईपर्यंत."

त्या हसल्या. ओठ सुकून फुटले होते, हसताना दुखलं असावं. "पेटीपायी. त्या पेटीशीच लगीन लावायला पायजे होतं त्याचं."

मंगळवारी दुपारी शैला धापा टाकत ऑफिसात आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी उभ्या उभ्या कागद लिहिला, 'काकू अत्यवस्थ. रेल्वे नको. विमानानं निघा.' सायगावला फॅक्स केला. तिकडच्या माणसाला मोडक्या इंग्रजीत फोन केला. तो म्हणाला, मास्टर गेले. गाडी संध्याकाळची होती, पण काका कधीही, कुठंही, चार तास आधी जाऊन बसत. स्टेशनवर माणूस पाठवा म्हटलं. त्यानं पाठवला, की नुसतं हो म्हणाला, मला आजतागायत कळलेलं नाही.

बुधवारभर मी हनोईच्या कारखान्याला तोच कागद पाठवत राहिले. गुरुवारी पहाटे काकू गेल्या. काका तेव्हा गाडीत होते. अग्नी पुतण्यानं दिला.

मी ट्रान्सपोर्टमध्ये काम केलेली बाई आहे, तासांचा हिशेब मला येतो. मंगळवार सकाळचं विमान धरलं असतं, तर दुपारी हनोई, रात्री तिथून निघून बुधवारी संध्याकाळपर्यंत काका दवाखान्यात असते. बुधवारी संध्याकाळी काकू शुद्धीवर होत्या. पाणी मागत होत्या. हा हिशेब मी कितीदा मांडला असेल. दर वेळी तेवढंच उत्तर येतं.

काका शनिवारी आले. पेटी हातात, कडीला नवी तार. घरात माणसं दाटली होती. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आपणही फार बोलू नये, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं की काय कोण जाणे. दहाव्याला, नदीवरून परत येताना, ते माझ्याशेजारून चालत होते. एकदम म्हणाले, "बी.कॉम., ती गाडी लय झकास होती. पायाखाली कसा ठेका लागलेला, बारा लूम एकासारखे चालतात ना, तसा. पेटीवर डोकं ठिवलं आन झोपलो. पस्तीस वर्षांत अशी झोप न्हाय लागली." थोडं चालले. मग म्हणाले, "ती हितं पाणी मागत होती, आन मी तिकडं मजेत झोपलो होतो."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. लोक होते, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीतले कारखाने एकेक करून बंद पडले, लूम भंगारात वजनावर गेले. काका कामावर जाईनासे झाले होतेच. छातीत कापसाची धूळ बसलेली, दम लागे. पेटी खाटेखाली होती. कुणाचा लूम अडला की लोक येत. काका दारातच तळहात वर धरत आणि सावकाश खाली आणत.

एका दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. दोन जिने चढून आल्यानं आधी पाच मिनिटं नुसते बसून राहिले. मग बंडीच्या खिशातून एक घडी काढली. तो माझाच फॅक्स होता. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद दिवसांनी पांढरा पडत जातो, हे आम्हा ऑफिसवाल्यांना माहीत. विमान, बस, दोन्ही ओळी उडून गेल्या होत्या. रेल्वेची धूसर दिसत होती. शेवटची ओळ तेवढी ठळक होती. तिच्यावर कुणीतरी पेन्सिलनं, चौथी पास हातानं, एकेक अक्षर गिरवलं होतं.

"अक्षरं उडायला लागली," काका म्हणाले. "ह्याची झेरॉक्स काढून दे. काळी काढ."

मी कागद घेऊन मशिनपाशी गेले आणि मला पुढं काही करता येईना. त्यांना ऐकू येत नव्हतं. ओरडून सांगायचं तर ऑफिसात सहा माणसं बसलेली. मी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हे मी खोटं लिहिलं होतं. काकू दवाखान्यात आहेत हे मला माहीत होतं. त्यांनी शपथ घातली होती. मी ऐकायला नको होतं.' आणि त्यांच्यासमोर ठेवला.

काका बोट फिरवत वाचत होते. बराच वेळ लागला. मग त्यांनी त्या कागदाची घडी घातली आणि माझ्याकडं सरकवली.

"शैलानं सांगितलं मला. तेराव्यालाच."

"मग..." माझ्या तोंडून निघालं. "मग हा का ठेवलात?"

त्यांनी माझे ओठ बघितले. झेरॉक्स मशिनवरच्या कागदाकडं बोट केलं.

"त्यात ती ठीक हाय."

मी रडायला लागले, काहीबाही बोलायला लागले, शपथेचं, डॉक्टरांचं, पेटीचं. काकांचा तळहात वर गेला. तो सावकाश खाली येईपर्यंत मी गप्प झाले होते.

मी दोन प्रती काढल्या, काळ्या. एक त्यांनी घडी करून खिशात ठेवली, दुसरी परत दिली. "एक बास," म्हणाले. त्यांनी चहा घेतला नाही. उठले, कठड्याला धरून जिना उतरू लागले. त्या पावसाळ्यातच ते गेले. शैला पेटी घेऊन सासरी गेली.

त्या दुपारी जिन्याच्या वळणावर ते थांबले होते. मला वाटलं, दम घेताहेत. त्यांनी वर बघितलं.

"जातो, सुनंदा," म्हणाले.

माझं नाव त्यांनी त्याआधी कधी घेतलं नव्हतं.