पाचच्या आत

मंगळवारी सकाळी अकराला माझा धाकटा भाऊ गेला.

तो मालवाहू जहाजांचा दलाल होता. मुंबईतलं ऑफिस सोडून धारूरला आला आणि घरूनच काम करू लागला. माल एकाचा, जहाज दुसऱ्याचं. गच्चीवर रेंज धरून हा दोघांची गाठ घालून द्यायचा. मी कॉलेजात शिकवतो. आम्ही दोघंही बिनलग्नाचे, घरात तिसरं कुणी नाही.

"जहाज भाड्यानं घेतात म्हणजे काय रे?" मी एकदा विचारलं.

"ट्रकासारखंच हाय, दादा. खेपेवर घेतलं तर डिझेल मालकाचं, महिन्यानं घेतलं तर आपलं. एवढं कळायला तुझी पुस्तकं कशाला पाहिजेत?"

"आणि कागद?"

"कागद मागून येतो. आधी शब्द."

व्यवहार ठरला तरी मालवाल्याच्या काही अटी शिल्लक असतात. त्या पुऱ्या झाल्या, म्हणजे धंद्याच्या भाषेत 'उठल्या', हा निरोप ठरल्या वेळेच्या आत गेला नाही, तर जहाजमालक मोकळा. "आजवर माझी येळ टळली न्हाई," हे तो तोऱ्यात सांगायचा.

त्या मंगळवारी साखरेसाठी ठरलेलं एक जहाज पाचपर्यंत थांबणार होतं. सकाळी चहा पिताना त्यानंच सांगितलं होतं. साडेतीनला, अंगणात माणसं बसलेली असताना, त्याचा फोन माझ्या खिशात वाजला. मालवाला होता. "साहेब, आमच्या अटी उठल्या. कळवून टाका."

मी "बरं" म्हणालो. भाऊ गेल्याचं न सांगता फोन ठेवला.

जिना चढून गच्चीवर गेलो. खालच्यांना वाटलं, रडायला गेला. भावाच्या जुन्या निरोपातली ओळ बघून मी जहाजमालकाच्या दलालाला तशीच लिहिली: सर्व अटी उठल्या. खाली त्याचं नाव राहू दिलं.

लगेच उत्तर आलं. हा दलालही आमच्याच भागातला. "येळेचा पक्का हायस बे! उद्या बोलू."

मी खाली आलो. मग आम्ही भावाला घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही फोन करून खरं सांगितलं. दलालानं किती वाजता गेला ते विचारलं. मग म्हणाला, "सर, निरोप पाचच्या आत आला होता. जहाज पक्कंच हाय."

साखर उतरवून जहाज रिकामं झालं, तेही त्यानं कळवलं. त्यानंतर त्या फोनवर कुणाचा फोन आलेला नाही. गच्चीवर भावाची खुर्ची आहे. घरात मी एकटा असतो.